देवमासे आणि डॉल्फिन यांची गर्भचाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातली मादी गाभण आहे हे नुसतं बघून ओळखता येत नाही का?

क्वचितच. देवमाशाचं अंग मुळातच गोल आणि चरबीने भरलेलं असतं, शिवाय त्यातला बहुतेक भाग पाण्याखाली असतो. होडीतून दिसते ती पाठ, वरचा पर आणि शेपटी. खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेली मादी आणि गर्भार मादी यांत शेवटचे काही महिने सोडले तर बाहेरून फारसा फरक कळत नाही. पिल्लू जन्मलं की उलगडा होतो, पण तोवर हंपबॅक या मोठ्या देवमाशाच्या बाबतीत ११-१२ महिने आणि किलर व्हेलच्या (ऑर्काच्या) बाबतीत १७-१८ महिने उलटलेले असतात.

खरी अडचण मात्र पिल्लू दिसलंच नाही तर येते. गर्भ राहिलाच नव्हता, की राहून मादी गाभडली, की पिल्लू जन्मताच दगावलं आणि कुणाच्या नजरेस पडण्याआधी समुद्रात गेलं? होडीतून बघणाऱ्याला तिन्ही वेळा एकच चित्र दिसतं: मादी आहे, पिल्लू नाही. कारणं मात्र तिन्हींची वेगळी आणि उपायही वेगळे. संप्रेरकांची (हार्मोनची) चाचणी हा गुंता सोडवायला मदत करते. किती गर्भ राहिले हे कळलं तरच किती वाया गेले हे कळतं. या साऱ्या खटाटोपाचं सगळ्यांत मोठं मोल मला यात वाटतं.

पूर्वी हे कसं समजायचं?

मादी मारून. व्यापारी शिकारीच्या काळात कापलेल्या माद्यांचं गर्भाशय आणि अंडाशय तपासले जात. देवमाशांच्या अंडाशयावर अंडं सुटल्याच्या खुणा वणासारख्या वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे मोजदाद करता येई. देवमाशांच्या प्रजननाबद्दलची कितीतरी जुनी आकडेवारी अशीच, मेलेल्या जनावरांकडून आली आहे.

कोणतं संप्रेरक तपासतात, आणि तेच का?

मुख्यतः प्रोजेस्टेरॉन. अंडं सुटलं की अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरतो आणि पातळी खाली येते. गर्भ राहिला तर देवमासे आणि डॉल्फिनमध्ये तो बाळंत होईपर्यंत टिकतो आणि पातळी महिनोन्‌महिने चढीच राहते. दुग्धव्यवसायात गाईच्या दुधातलं प्रोजेस्टेरॉन तपासून ती गाभण आहे का ते पाहतात, तत्त्व तेच. फक्त इथे गाय समुद्रात आहे आणि दूध काढता येत नाही.

माणसांची घरगुती चाचणी मात्र इथे चालत नाही. ती पट्टी एचसीजी नावाचं वेगळं संप्रेरक ओळखते.

मग नमुना घेतात तरी कशाचा? रक्त काढतात का?

मोकळ्या समुद्रातल्या मोठ्या देवमाशाचं रक्त काढणं जवळपास अशक्य. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरासारख्या उथळ जागी बॉटलनोज डॉल्फिन थोडा वेळ धरून रक्त घेतात, सोनोग्राफीही करतात. तिथला अभ्यास १९७० पासून अखंड चालू आहे. पण ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

बाकी ठिकाणी भरवशाचा नमुना म्हणजे कातडीखालची चरबी. प्रोजेस्टेरॉन चरबीत विरघळतं, म्हणून रक्तातून तिथे जाऊन साठतं. क्रॉसबो किंवा हवेच्या बंदुकीने एक खास बाण मारतात. त्याच्या टोकाला छोटी पोकळ नळी असते. ती कातडी आणि चरबीचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा तुकडा कापून घेते. मागच्या जाड बोंडामुळे बाण आत घुसून न राहता आपटून परत उसळतो आणि पाण्यावर तरंगतो. होडी जाऊन तो उचलून आणते. तुकडा लगेच गोठवतात.

या एका तुकड्यातून बरंच काही निघतं. कातडीच्या डीएनएवरून नर की मादी हे कळतं. बहुतेक देवमाशांत वरून बघून नर-मादी ओळखणंही सोपं नसतं, त्यामुळे ही पायरी आधी. नंतर चरबीतलं प्रोजेस्टेरॉन.

बाण लागल्यावर त्यांना इजा होत नाही का? पोटातल्या गर्भाला?

हा प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक वेळा जनावर दचकतं, बुडी मारतं, शेपटी आपटतं आणि थोड्याच वेळात आपल्या वागण्यावर परततं. नळीची लांबी त्या जातीच्या चरबीच्या जाडीनुसार बेताची ठेवतात, टोक निर्जंतुक करतात, बाण पाठीच्या बाजूला, पराच्या मागेपुढे मारतात. अगदी लहान पिल्लं आणि नुकत्या व्यालेल्या माद्या टाळण्याचा दंडक असतो. गर्भ त्या जागेपासून खूप आत असतो.

तरीही धोका शून्य नाही. भूमध्य समुद्रात एका कॉमन डॉल्फिनचा असा बाण लागून मृत्यू झाल्याची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. म्हणून हे काम परवान्याशिवाय करता येत नाही आणि येऊही नये. बाणाविना नमुने मिळवण्याचे मार्ग शोधले गेले त्यामागे ही काळजीही आहे.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

चरबी बारीक वाटून त्यातून द्रावकाच्या मदतीने संप्रेरक वेगळं काढतात. चरबीचाच अंश नको इतका राहिला तर पुढची मोजणी बिघडते, म्हणून ही गाळणी अनेक टप्प्यांची असते. मग प्रतिपिंडांवर आधारलेली एलायझा चाचणी लावतात: प्रतिपिंड प्रोजेस्टेरॉनला चिकटतो, रंग बदलतो आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मिळतं. उत्तर येतं ते एक ग्रॅम चरबीत किती नॅनोग्रॅम, असं.

किती आकडा आला म्हणजे मादी गाभण समजायची?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. जात बदलली, प्रयोगशाळा बदलली की सीमारेषा बदलते. म्हणून आधी त्या जातीच्या अशा माद्या लागतात ज्यांची अवस्था पक्की ठाऊक आहे.

इथे एक दुःखद गोष्ट कामी आली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मासेमारीच्या जाळ्यांत अडकून डॉल्फिन मरत. त्यांचं गर्भाशय उघडून गर्भ आहे की नाही हे पाहता येत होतं आणि त्याच जनावराची चरबीही मिळत होती. समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेचे निक केलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तीन जातींच्या डॉल्फिनवर हे ताडून दाखवलं: गर्भार माद्यांच्या चरबीतलं प्रोजेस्टेरॉन इतरांपेक्षा कैक पटींनी जास्त होतं आणि दोन्ही गट स्वच्छ वेगळे पडत होते. त्याआधी २००२ मध्ये मिंक व्हेलच्या चरबीवर असंच काम झालं होतं.

मोठ्या देवमाशांच्या बाबतीत दुसरा रस्ता आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेन आखातात हंपबॅक माद्यांची शेपटीवरच्या खुणांवरून वर्षानुवर्षं ओळख ठेवली जाते. एखादीचा नमुना एका वर्षी घेतला आणि पुढच्या वर्षी ती पिल्लासह दिसली, तर नमुना घेतला तेव्हा ती गर्भार होती हे मागाहून सिद्ध होतं. असे नमुने जमवून सीमारेषा आखतात. तिच्या आसपास जे आकडे येतात त्यांना ओढूनताणून इकडे किंवा तिकडे बसवण्यापेक्षा ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवणं हाच प्रामाणिकपणा.

विष्ठेतून गर्भारपण कळतं हे खरं आहे?

खरं आहे. यकृत संप्रेरकांचं विघटन करतं आणि त्यांचे अंश विष्ठेतून बाहेर पडतात. उत्तर अटलांटिक राइट व्हेलची विष्ठा काही वेळ पाण्यावर तरंगते, रंगाने लालसर-केशरी असते आणि तिचा वास उग्र असतो. बोस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयातल्या रोझलिंड रोलंड यांनी कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात हे नमुने जमवून २००५ साली दाखवलं की गर्भार, दूध पाजणाऱ्या आणि इतर माद्या त्यातून वेगळ्या ओळखता येतात.

अथांग पाण्यात विष्ठा शोधणार कशी? कुत्र्यांच्या नाकाने. होडीच्या नाळेवर उभा असलेला प्रशिक्षित कुत्रा वाऱ्यावर वास पकडतो आणि त्याचं अंग ज्या दिशेला वळेल तिकडे होडी वळवतात. रोलंड यांच्या चमूत फार्गो नावाचा रॉटवायलर होता. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चमूत टकर नावाच्या लॅब्राडोर मिश्र जातीच्या कुत्र्याने किलर व्हेलच्या मागे हेच काम केलं. एक सागरी मैलाहूनही वास पकडल्याच्या नोंदी आहेत. नमुना बुडून जायच्या आत गाठायचा असल्याने वेळ फार थोडा असतो. देवमाशाला मात्र यात कसलाच स्पर्श होत नाही.

या चाचणीने असं काय कळलं जे एरवी कळलं नसतं?

सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘सदर्न रेसिडेंट’ किलर व्हेलचं. जे, के आणि एल अशा तीन कुटुंबसमूहांत मिळून आज सत्तरच्या घरात जनावरं उरली आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि प्रत्येकाची वंशावळ ठाऊक आहे. जन्म फार कमी होतायत हे दिसत होतं. का, यावर वाद होते: माद्यांना गर्भच राहत नाही, की दुसरंच काही?

सॅम्युएल वासर यांच्या चमूने २००८ ते २०१४ या काळात टकरच्या मदतीने विष्ठेचे नमुने जमवले. डीएनएवरून नमुना कोणत्या मादीचा हे कळलं, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉनच्या अंशांवरून गर्भारपण कळलं, आणि पुढे ती पिल्लासह दिसली का हे नोंदवहीतून पाहता आलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: ओळखता आलेल्या गर्भारपणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत वाया गेली होती. त्यातलीही सुमारे एक तृतीयांश उशिरा, म्हणजे गर्भ बराच वाढल्यावर किंवा जन्मानंतर लगेच.

म्हणजे गर्भ राहत होते, टिकत नव्हते. आणि १७-१८ महिन्यांच्या गर्भारपणात उशिरा गर्भ जाणं म्हणजे मादीने आपल्या अंगची चरबी, ताकद, वर्षभराहून जास्त काळ, सारं घालवून हाती काहीच न लागणं. ते तिच्या जिवावरही बेतू शकतं.

कारण शोधायला त्याच नमुन्यांतली आणखी दोन संप्रेरकं उपयोगी पडली. अन्न कमी पडलं की थायरॉइडचं संप्रेरक उतरतं. शरीर काटकसर करू लागतं. ताणाचं संप्रेरक मात्र भुकेनेही चढतं आणि होड्यांच्या त्रासानेही. दोन्ही एकत्र पाहिली की भूक आणि त्रास वेगळे काढता येतात. गर्भ गमावलेल्या माद्यांमध्ये खूण भुकेची होती. हे किलर व्हेल मुख्यतः चिनूक सामन माशांवर जगतात, आणि कोलंबिया व फ्रेझर नद्यांतून येणारे चिनूक घटले आहेत. या माद्यांची पिल्लं वाचवायची तर नद्यांतला मासा वाचवावा लागेल, हे इतक्या थेटपणे आधी कुणाला म्हणता आलं नव्हतं.

२०१८ मध्ये जे३५ ही मादी आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर वाहत फिरली, तेव्हा जगभरातल्या लोकांचं काळीज हललं. ते पिल्लू निदान दिसलं. या आकड्यांत जे गर्भ आहेत ते कुणालाच दिसले नव्हते.

तेलगळतीनंतर डॉल्फिनवर काही परिणाम आढळला का?

हो. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या फलाटाचा स्फोट झाला आणि समुद्रात तेल पसरलं. लुइझियानातल्या बाराटारिया उपसागरात ऑगस्ट २०११ मध्ये डॉल्फिन धरून तपासले गेले. सोनोग्राफीत १० माद्या गर्भार निघाल्या. पुढे ४७ महिने त्यांच्यावर नजर ठेवली, तर फक्त दोघींची पिल्लं जगली. तेल न पोहोचलेल्या भागात हे प्रमाण ८३ टक्के नोंदलं गेलं होतं. नंतर चरबीतल्या संप्रेरकांवरून जास्त माद्यांचा अभ्यास झाला आणि चित्र तेच राहिलं: पाचातलं एखादंच गर्भारपण पार पडत होतं. याच डॉल्फिनमध्ये फुफ्फुसांचे आजार आणि ताणाला तोंड देणाऱ्या संप्रेरकांची कमतरताही आढळली. सगळ्यांना धरून सोनोग्राफी करणं शक्य नव्हतं. बाणाने घेतलेल्या चरबीने ती उणीव भरून काढली.

एखादी चांगली बातमी?

अंटार्क्टिक द्वीपकल्पाची. शिकारीने हंपबॅक जवळजवळ संपले होते. लोगन पॅलिन आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१६ दरम्यानचे चरबीचे नमुने तपासले तेव्हा माद्यांपैकी ६३ टक्क्यांहून जास्त गर्भार निघाल्या. सोबत पिल्लू असलेल्या माद्यांपैकीही निम्म्याहून अधिक पुन्हा गर्भार होत्या. एक अंगावर पीत असताना दुसरं पोटात. वेगाने सावरणाऱ्या लोकसंख्येची ही खूण.

पण पुढच्या वर्षांच्या नमुन्यांनी सावधही केलं. क्रिल, म्हणजे हे देवमासे खातात ते कोळंबीसारखे बारीक जीव, कमी असलेल्या वर्षानंतर, २०१७ मध्ये, फक्त २९ टक्के माद्या गर्भार होत्या. क्रिल मुबलक असलेल्या वर्षानंतर, २०२० मध्ये, ८६ टक्के. क्रिल हिमाच्या आधाराने वाढतं, आणि त्या भागातलं समुद्री हिम कमी होतंय. या माद्यांची पिल्लं सुमारे ८,००० किलोमीटर उत्तरेला, कोलंबिया-पनामाच्या उबदार पाण्यात जन्मतात. पिल्लं मोजायची वाट पाहिली असती तर अंटार्क्टिकातल्या कोणत्या हंगामाचा हा परिणाम, हे जुळवणं फार कठीण झालं असतं.

श्वासाच्या फवाऱ्यातून चाचणी होते असं ऐकलं.

होते, पण ती पद्धत अजून विकसित होते आहे. लांब काठीला किंवा ड्रोनला बशा लावून फवाऱ्याचे थेंब पकडतात. त्या थेंबांत खरा उच्छ्वास किती आणि समुद्राचं पाणी किती, हे ठरवणं हीच मोठी अडचण. राइट व्हेलवरच्या कामात युरियाचं प्रमाण मोजून हा हिशेब सुधारण्याचा मार्ग २०१८ मध्ये सुचवला गेला.

मेलेल्या देवमाशीचा भूतकाळ कळू शकतो?

दात नसलेल्या देवमाशांच्या जबड्यात गाळणीसारख्या पट्ट्या असतात, त्यांना बलीन म्हणतात. बलीन नखासारखं सतत वाढतं आणि वाढताना त्या काळातली संप्रेरकं त्यात अडकून राहतात. ठरावीक अंतरावर भोकं पाडून भुकटी काढली की वर्षांचा आलेख मिळतो. कॅथलीन हंट यांनी २०१६ मध्ये स्टंपी आणि स्टॅकॅटो या दोन राइट व्हेल माद्यांचं बलीन असं तपासलं. प्रोजेस्टेरॉन ज्या ज्या वेळी चढलं होतं त्या वेळा त्यांच्या माहीत असलेल्या बाळंतपणांशी जुळल्या. दोघीही जहाजाच्या धडकेने गेलेल्या. स्टंपी २००४ मध्ये मेली तेव्हा तिच्या पोटात पूर्ण दिवस भरत आलेलं पिल्लू होतं. अमेरिकेने २००८ मध्ये राइट व्हेलच्या वाटांवर मोठ्या जहाजांना हंगामापुरती १० नॉटची वेगमर्यादा घातली, ती अशा मृत्यूंमुळेच.

चाचणी चुकते का? कितवा महिना हे कळतं का?

चुकते. खोटं गर्भारपण हा एक सापळा आहे: गर्भ नसताना पीतपिंड टिकून राहतो आणि प्रोजेस्टेरॉन चढं दिसतं. मत्स्यालयांतल्या डॉल्फिन आणि किलर व्हेलमध्ये हे नोंदलं गेलं आहे. नुकतंच अंडं सुटलेली मादीही काही दिवस फसवू शकते. चरबीत बदल रक्तापेक्षा सावकाश उतरतो, म्हणून गर्भ नुकताच गेला असेल तर चाचणी मागचंच चित्र दाखवू शकते. म्हणूनच एका मादीच्या निकालापेक्षा अनेक माद्यांचा मिळून दर जास्त विश्वासाचा.

महिना एकट्या प्रोजेस्टेरॉनवरून नीट कळत नाही, कारण पातळी सुरुवातीलाच चढते आणि चढीच राहते. किलर व्हेलच्या अभ्यासात लवकरचं आणि उशिराचं गर्भारपण वेगळं काढायला टेस्टोस्टेरॉनचा आधार घेतला, तो यासाठीच.

आता ड्रोन आहेत. मग संप्रेरकांची गरज काय?

ड्रोनने मोठी सोय झाली आहे. वरून फोटो काढून अंगाची रुंदी मोजली की गर्भारपणाचा उत्तरार्ध ओळखता येतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ग्रे व्हेलबाबत २०२३ मध्ये जे काम प्रसिद्ध झालं त्यात विष्ठेतल्या प्रोजेस्टेरॉनचे आकडे बरेच वरखाली होते आणि मोजलेली रुंदी अधिक भरवशाची ठरली. पण पोट दिसायला लागण्याआधी जो गर्भ जातो तो ड्रोनला दिसत नाही, आणि तो का गेला हे तर नाहीच. दोन्ही हाताशी असावीत हे बरं.

आपल्या अरबी समुद्राशी याचा काय संबंध?

जवळचा. अरबी समुद्रातले हंपबॅक जगातल्या इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने इथेच राहतात. संख्या शंभरच्या आत असल्याचा अंदाज आहे, ओमानजवळचा जुना अंदाज ८२ चा. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये उपग्रहाने माग काढता येईल अशी खूण लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यासमोर आली आणि तिथून दक्षिणेला गेली. इतक्या थोड्या जनावरांत एकेक गर्भ मोलाचा आहे.

किनाऱ्यालगत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात पर्यटक होडीतून पाहतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन (नाव सारखं असलं तरी हंपबॅक देवमाशाहून वेगळी जात). तेही धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत आणि त्यांची वस्ती नेमकी जाळी, होड्या आणि बंदरं यांच्या पट्ट्यात आहे. त्यांची पिल्लं कमी-जास्त दिसण्याचं कारण कधी शोधायचं झालं तर आधी या जातीची सीमारेषा लागेल, आणि ती किनाऱ्यावर मृत सापडलेल्या माद्यांच्या नीट तपासणीतून मिळू शकते: गर्भाशय पाहणं, चरबीचा तुकडा गोठवणं, तारीख आणि जागा लिहिणं.

किनाऱ्यावर डॉल्फिन किंवा देवमासा सापडला तर मी काय करावं?

महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेल्या जनावराचाही तुकडा स्वतः कापू नका. फोटो काढा, शेजारी काठी किंवा चप्पल ठेवली तर लांबीचा अंदाज येतो. पोटाकडची बाजू दिसत असेल तर तिचाही फोटो घ्या, नर-मादी त्यावरून कळतं. जिवंत असेल तर ओल्या कापडाने अंग झाका, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, शेपटी धरून ओढू नका आणि गर्दी लांब ठेवा. ताजा मृतदेह असेल तर फोन लगेच करा: ऊन लागून कुजू लागला की चरबीतले संप्रेरकांचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.